मोटेचे चाक आणि शिडाची कप्पी



सातारा-सांगलीकडच्या माणसाने आरमारावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आपले पाणी कृष्णामाईचे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पण शिडाचे गलबत कसे चालते हे समजून घेण्यासाठी घाट उतरण्याची गरज नाही. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. तिच्या थारोळ्याशी उभे राहा आणि मनातल्या मनात मोट जोडा. चाक, चाकाचा कणा, वरून जाणारा नाडा, खाली पाण्याचे ओझे. आता चाकाच्या जागी डोलकाठीच्या शेंड्याची कप्पी धरा, नाड्याच्या जागी काथ्याचा दोर आणि मोटेच्या जागी तिरप्या काठीला बांधलेले शीड. युक्ती तीच.

ही विहीर बांधली जात होती, तेव्हाच कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांचे आरमार भरात होते. शाहू महाराज साताऱ्यास १७०८ साली गादीवर बसले आणि पुढे बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना त्यांच्या बाजूस वळवले. या आरमारात गुराबा आणि गलबते असत. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने गलबताचे वर्णन केले आहे: वजन बहुधा सत्तर टनांच्या आत, डोलकाठ्या दोन, मोठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड आणि चाळीस-पन्नास वल्ही.

एवढे शीड चढवायचे तर पुष्कळ हात एका दोराला लागतात. त्यात समुद्र हा मोठा खोडकर. मिठाचे कण दोराच्या पिळात बसतात. लाकडी कप्पी पाण्याने फुगते, उन्हाने आक्रसते. शिडाची काठी डोलकाठीला धरून ठेवणारा दोराचा फास वरखाली होताना झिजतो. काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही खरा, पण घर्षणापुढे त्याचेही काही चालत नाही. म्हणून कण्याला तेल-चरबी द्यायची, दोराची घासणारी जागा बदलत राहायची, शीड वाळवूनच गुंडाळायचे. मोटेचे चाक अडले तर एक वाफा सुका राहतो. वादळात कप्पी अडली आणि शीड खाली आले नाही, तर गलबत उलटते.

तारुण्यात मी एका कारखान्यात काम करीत होतो. तिथल्या कप्पीला महिनोन्महिने ग्रीस मिळाले नाही. आम्ही सांगत राहिलो; उत्तर आले, ‘बघू.’ एके दिवशी दोर तुटला आणि माझ्या सोबत्याची दोन बोटे गेली. कुरकुरणारे चाक काही सांगत असते, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढची विद्या वाचनालयात मिळाली.

तिथेच रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून मानले जाणारे आज्ञापत्र हाती लागले. ते १७१५ च्या सुमाराचे. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरतील अशी अवजड जहाजे बांधू नका, तुफानाच्या दिवसांआधीच आरमार सुरक्षित बंदरात छावणीस न्या, असे ते बजावते. आणि आणखी एक गोष्ट सांगते. आरमाराच्या खर्चासाठी मुलूख नेमून द्या. बंदराच्या उत्पन्नावर तो टाकू नका, नाहीतर सावकारांना उपद्रव होऊन बंदरे बुडतील. अमात्यांना चिंता व्यापाराची होती, खलाशांची कड घ्यायला ते बसले नव्हते. तरीही पोटाची नेमणूक पक्की नसेल तर सारा गाडा अडतो, हे त्या मुत्सद्द्याने ओळखले होते. तेल कप्पीला लागते तसे दोर ओढणाऱ्यालाही लागते.

ते न मिळाल्यास काय होते, हे लंडनने १७६८ साली पाहिले. वेतनवाढीसाठी तिथल्या खलाशांनी जहाजांची शिडे उतरवली आणि नदीतली वाहतूक थांबवली. शीड उतरवण्याला इंग्रजीत जो शब्द होता, तोच पुढे काम थांबवण्याला लागला: स्ट्राइक. आपल्या ‘संप’ या शब्दाचा जुना अर्थ मात्र निराळा आहे, एकोपा, एकमत. मला दोन्ही शब्द एकाच गलबतावरचे वाटतात. शीड उतरवायला एकोपा लागतो आणि चढवायलाही तोच लागतो. चढवण्याचीच वेळ अधिक यावी असे वाटत असेल, तर चाक कुरकुरू लागताच तेलाची बुधली हाती घ्यावी. दोर तुटेपर्यंत थांबू नये.