हूव्हर चिन्ह

हूव्हर चिन्ह ही पायातील अशक्तपणाचे कारण ओळखण्यासाठी चेताविज्ञानात वापरली जाणारी एक शारीरिक चाचणी आहे. अशक्तपणा पक्षाघातासारख्या मेंदूच्या रचनात्मक इजेमुळे आला आहे की कार्यात्मक चेताविकारामुळे, हे ठरवताना तिचा उपयोग होतो. कार्यात्मक चेताविकारात बिघाड चेतासंस्थेच्या रचनेत नसून कार्यात असतो. अमेरिकन वैद्य चार्ल्स फ्रँकलिन हूव्हर यांनी १९०८ मध्ये या चिन्हाचे वर्णन केले.

तत्त्व व पद्धत

उताणी झोपलेली व्यक्ती एक पाय उचलते, तेव्हा तोल राखण्यासाठी दुसऱ्या पायाची टाच नकळत खाली दाबली जाते. चाचणीत डॉक्टर रुग्णाच्या अशक्त पायाच्या टाचेखाली हात ठेवतात व ती खाली दाबण्यास सांगतात. त्यानंतर विरोध करून निरोगी पाय उचलायला लावतात. पहिल्या वेळी जोर कमी आणि दुसऱ्या वेळी पुरेसा जाणवल्यास चिन्ह सकारात्मक मानतात. मेंदूकडून स्नायूंकडे जाणारा चेतामार्ग खराब झाला असल्यास दोन्ही वेळा जोर कमीच राहतो. अशा इजेत बाबिन्स्की चिन्हही आढळू शकते, म्हणजे तळपायावर रेघ ओढल्यास अंगठा वर वळतो.

महत्त्व

एमआरआय निर्दोष असणे एवढ्यावरून कार्यात्मक चेताविकाराचे निदान होत नाही. त्यासाठी अशी सकारात्मक चिन्हे लागतात. डीएसएम-५ (२०१३) या निदानपुस्तिकेने यावर भर दिला व मानसिक ताणाचा पुरावा मिळण्याची अट काढून टाकली. हूव्हर यांचा एक उद्देश सोंग ओळखणे हा होता. मात्र हे चिन्ह सोंगाचा पुरावा नाही, कारण कार्यात्मक अशक्तपणा रुग्णाच्या इच्छेने येत नाही. पायात ताकद शिल्लक असल्याचे रुग्णाला या चाचणीतून दाखवता येते व भौतिकोपचाराला त्याची मदत होते.

मर्यादा

कंबरेतील वेदना, सूचना न समजणे किंवा शरीराच्या एका बाजूचे भान हरपणे यांमुळे निष्कर्ष चुकू शकतो. एकाच रुग्णात दोन्ही विकार असू शकतात. त्यामुळे चिन्ह सकारात्मक आले तरी रचनात्मक इजा नाही असे सिद्ध होत नाही. अचानक आलेल्या अशक्तपणात पक्षाघाताची तपासणी तातडीने करावी लागते, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.