मराठवाड्यातील विद्यार्थी आणि विद्यापीठातील आपलेपणा

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इस्लापूर, किनवट, हिमायतनगर या भागांतील मुले-मुली अंथरूण-पांघरूण बांधून नांदेडची वाट धरतात. प्रवेश मिळाला, शुल्क भरले, म्हणजे आपले कर्तव्य संपले असे पालकांस वाटते. वस्तुतः पटावर नाव चढणे निराळे आणि जीव रुळणे निराळे. नाव एका दिवसात चढते. जीव रुळण्यास मात्र कधी कधी वर्ष लागते, आणि तो न रुळल्यामुळे दिवाळीस घरी आलेला मुलगा परत जातच नाही, असेही आम्ही पाहिले आहे. आपल्या मंडळाने नांदेड येथे विद्यार्थी वसतिगृह उभारण्याचे मनावर घेतले असून त्याची नियमावली लवकरच सभेपुढे यावयाची आहे. अशा वेळी आपल्या पूर्वसूरींनी या प्रश्नाचा विचार कसा केला, हे पाहणे उपयोगाचे होईल.

या विचारास कोल्हापूरपासून आरंभ करणे सोयीचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी सन १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक वसतिगृह काढले. दार सर्वांस खुले होते. परंतु थोड्याच वर्षांत तेथे बहुतेक ब्राह्मण विद्यार्थीच उरले आणि इतर जातींची मुले आत टिकेनात. दार उघडे ठेवले म्हणजे घर आपले होत नाही, हे महाराजांनी ओळखले आणि १९०१ पासून निरनिराळ्या समाजांस स्वतःची वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांचे मूळ येथे आहे, आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. ज्याला परक्या पंक्तीत पान मिळत नव्हते, त्याला प्रथम आपल्या पंक्तीत तरी पान मिळाले.

परंतु इतिहास तेथेच थांबला नाही. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेला. परत आल्यावर विटाळ म्हणून स्नान करण्याचे त्याने नाकारले आणि त्यास वसतिगृह सोडावे लागले, अशी हकीकत सांगितली जाते. हा विद्यार्थी म्हणजे पुढचे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह काढले. महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ मध्ये त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. तेथे मुलांनीच दळण-कांडण करावे, मुलांनीच भाकरी थापाव्यात आणि सर्वांनी एका ओळीत बसून त्या खाव्यात, असा शिरस्ता होता. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. महाराजांचा सामाईक प्रयोग फसला आणि कर्मवीरांचा यशस्वी झाला, याचे कारण आम्हांस असे दिसते की, साताऱ्यास दार उघडे ठेवून कोणी स्वस्थ बसले नाही. एकत्र राबणे व एकत्र जेवणे हा तेथील नित्यक्रमच होता.

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. निजामी अमलात उच्च शिक्षणाचे मुख्य स्थान हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ हे होते. सन १९१८ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. एका देशी भाषेतून पदवीपर्यंतचे ज्ञान देण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा घरी मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणारी असल्यामुळे, खेड्यातून गेलेल्या मुलास विषय शिकण्यापूर्वी भाषेशीच झुंजावे लागे. त्या काळी आपले किनवटही आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्यास जोडले गेले.

१९३८ च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहात विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि शेकडो विद्यार्थी वसतिगृहाबाहेर व विद्यापीठाबाहेर काढले गेले. औरंगाबादच्या महाविद्यालयातही हे लोण पोहोचले. या निराधार झालेल्या मुलांस नागपूर विद्यापीठाने आपल्या पटावर घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. एका विद्यापीठाने परके केले व दुसऱ्याने पोटाशी धरले. ज्या नागपूरकरांनी हे केले, त्यांनी मुलांची जात, भाषा वा संस्थान पाहिले नाही. मराठवाड्याने हे ऋण विसरू नये.

हैदराबाद मुक्त झाल्यावर १९५० या एकाच वर्षी मराठवाड्यात दोन थोर आरंभ झाले. नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. त्यापूर्वी नांदेडच्या मुलास पदवीसाठी हैदराबाद वा औरंगाबाद गाठणे भाग होते. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाविद्यालय काढले. त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसरास नागसेनवन म्हणू लागले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा त्याचे शंकासमाधान करणारा भिक्षू. ज्यांच्या वाडवडिलांस प्रश्न विचारण्याचीच बंदी होती, त्यांच्या मुलांसाठी याहून समर्पक नाव कोणते असणार? महाविद्यालय सर्व जातींस खुले होते. खेड्यांतून येणाऱ्या गरीब मुलांस राहावयास जागा नसेल तर खुल्या वर्गाचा उपयोग नाही, हे जाणून तेथे वसतिगृहांवर भर दिला गेला.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. यापुढील प्रकरण दुःखाचे आहे, परंतु इतिहास लिहिणाऱ्याने दुःखाचे पान फाडू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. आपल्याच नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा त्यात बळी गेला. अखेर साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असा नामविस्तार झाला. एका पाटीसाठी एवढा संघर्ष का, असे पुष्कळांनी त्या वेळी विचारले. त्याचे उत्तर सरळ आहे. ज्या वास्तूच्या दारावर आपल्या माणसाचे नाव लिहिण्यास गाव पेटते, त्या वास्तूत आपण कोण आहोत, हे विद्यार्थ्यास कोणी समजावून सांगावे लागत नाही.

त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, मुक्तिदिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची नांदेडास स्थापना झाली आणि विद्यापीठ आपल्या अंगणात आले. अंतर कमी झाले, पण परकेपणाही कमी झालाच असे नाही. थोर संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील तक्रारींची चौकशी करणाऱ्या समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना त्रासामुळे वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर एकवटून राहावे लागते, असे त्यात आढळले. समितीचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात हे मिलिंद महाविद्यालयाचेच विद्यार्थी, ही गोष्ट ध्यानी ठेवण्याजोगी आहे. पुढे २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेसंबंधी नियम केले. नियम आवश्यक आहेत. परंतु ताटावरून कोणी उठून गेले, उच्चाराला कोणी हसले, आडनाव ऐकून कोणी गप्प झाले, तर तेथे नियम पोहोचण्यापूर्वी शेजारचा मित्र पोहोचला पाहिजे.

आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही. विद्यापीठाची पायरी चढलो ती पालक म्हणूनच. परंतु इस्लापूरच्या परिसरात मुले शिकविण्यात आमचे आयुष्य गेले आहे. पैनगंगेच्या सहस्रकुंडाजवळचा हा मुलूख बहुभाषी आहे. घरी गोंडी वा कोलामी बोलणारी, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी, तेलुगू, उर्दू व मराठी बोलणारी मुले एका वर्गात बसतात. पहिलीतले मूल आठवडाच्या आठवडा तोंड उघडत नाही. त्याच्या बोलीतला एखादा शब्द गुरुजींनी उच्चारला की ते मान वर करून हसते, आणि त्या दिवसापासून शाळा त्याची होते. नांदेडच्या वर्गात बसलेला अठरा वर्षांचा तरुण याहून फारसा निराळा नसतो. तो मान वर करण्याच्या निमित्ताची वाट पाहत असतो, एवढेच.

म्हणून नियमावलीसंबंधी आमची सभेस विनंती आहे. वसतिगृह आपल्या समाजाच्या पैशाने उभे राहील, त्यात आपल्या गरीब मुलांस प्रथम जागा मिळावी, हे न्याय्यच आहे. परंतु एकतृतीयांश जागा इतर समाजांच्या मुलांसाठी राखाव्यात. त्यांतही आपल्याच भागातील गोंड, कोलाम, आंध, बंजारा व दलित मुलांचा विचार आधी व्हावा. स्वयंपाकघर एक असावे, पंगत एक असावी, खोल्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकून व्हावी. नव्या मुलाबरोबर पहिला महिनाभर एक जुना विद्यार्थी नेमून द्यावा. त्याने कार्यालय, ग्रंथालय, दवाखाना व शिष्यवृत्तीचा अर्ज या चार गोष्टी दाखवाव्यात.

आपल्याच मुलांस जागा अपुरी असताना परक्यांस का द्यावी, असा आक्षेप येईल. तो क्षुद्र नाही. ज्या बापाचा मुलगा जागेअभावी परत येईल, त्यास आमचे हे लिहिणे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु चार वर्षे केवळ आपल्याच माणसांत राहून बाहेर पडलेला मुलगा पदवी घेऊन येतो आणि जगात पुन्हा परकाच ठरतो. दुसऱ्यासाठी सरकून बसण्याची सवय ज्यास लागली, त्यास कोठेही बसावयास जागा मिळते. शाहू महाराजांनी ज्ञातीस पान वाढावयास शिकविले, कर्मवीरांनी पंगत लांबवावयास शिकविले. आपले वसतिगृह पहिल्या धड्यावर उभे राहत आहे. ते दुसऱ्या धड्यापर्यंत जावे, एवढे सभेपुढे सादर करून आम्ही लेखणी ठेवतो.