ठासणीच्या बंदुकीला शिसं मऊच हवं

निवडणूक आली की पोलिस ठाण्यात जमा होणारी शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक खानापूर-चंदगडकडच्या लोकांना नवी नाही. तिच्या गोळीला शुद्ध शिसं उत्तम. ब्रिनेल मापात त्याचा कडकपणा साधारण 5. नखानेही ओरखडा उठतो. टायर दुकानातल्या बॅलन्सिंगच्या शिशात अँटिमनी असतो, त्यामुळे कडकपणा 9 ते 12. आटे असलेल्या नळीत पोकळ बुडाची गोळी बार उडताच फुगून आट्यांत बसावी लागते. कडक गोळी फुगत नाही, नेम जातो. 1857 साली गाजलेल्या एनफिल्ड काडतुसातली गोळीही म्हणूनच मऊ शिशाची होती. बिनआट्याच्या नळीत, चिंधीत बसवलेली गोल गोळी थोडी कडक असली तरी भागतं. बॅटरीचं शिसं मात्र फुकट मिळालं तरी वितळवू नये. त्यातून विषारी वायू निघतात.