पायलिनचं मीठ

पावसाळ्यात घरात कुणाला थंडी वाजून ताप आला की आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेतात आणि पट्टीवर तपासतात. मेंदूत जाऊ शकतो तो हिवताप, म्हणजे डॉक्टर ज्याला फॅल्सिपेरम म्हणतात तो निघाला, तर गोळ्यांचं पाकीट हातात ठेवतात. त्या पाकिटात एकच औषध नसतं, दोन-दोन असतात. असं का, याची गोष्ट आज सांगते. तिची मोठी गाठ आहे कंबोडिया देशातल्या पायलिन या गावात, आणि तीही मिठापाशी.

आधी थोडं मागे जाऊ. हिवतापाचं जुनं औषध म्हणजे कोयनेल. दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० साली पॅरिसच्या दोन शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. गुणाचं, पण कडूजहर. घेतलं की कान वाजायचे, म्हणून माणसं टाळायची. पुढे जर्मनीत १९३४ साली क्लोरोक्विन तयार झालं. ते विषारी समजून आधी बाजूला ठेवलं होतं, पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेच जगभर चाललं. स्वस्त, आणि तीन दिवसांत ताप गायब. लोकांना वाटलं, हिवताप आता संपलाच.

तेव्हा ब्राझीलमधल्या मारिओ पिनोत्ती या डॉक्टरांनी एक युक्ती काढली. गोळ्या घेऊन घरोघर कुठे फिरायचं? औषध मिठातच मिसळू. मीठ कुठल्या घरात नसतं? पायलिनला माणिक आणि नीलमच्या खाणी. लांबलांबून मजूर येत, रानात राहत, पुन्हा निघून जात. अशांच्या मागे फवारणीवाले कुठवर पळणार? म्हणून १९६०च्या सुमारास तिथेही हिवतापाच्या औषधाचं मीठ वाटलं गेलं.

आता सांगा, घरात कोण किती मीठ खातं? अंगावर पिणारं बाळ काहीच खात नाही, घाम गाळणारा गडी भरपूर खातो, म्हातारी अळणी जेवते. एखाद्या रांधणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर तिने पहिल्याच दिवशी हा हिशेब मांडला असता. झालं असं की गावभर प्रत्येकाच्या रक्तात थोडंथोडं औषध राहू लागलं. जंतू मरावेत इतकं नाही, पण त्यांना ओळख व्हावी इतकं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. जंतू काही शिकत नाही. आजारी माणसाच्या रक्तात कोट्यवधी जंतू असतात, त्यांत एखादा जन्मतःच चिवट असतो. औषध कमी पडलं की दुबळे मरतात आणि मैदान चिवटाला मोकळं होतं. डास त्यालाच पुढच्या घरी नेतो. कापसाच्या बोंडअळीचं काय झालं, ते विदर्भातल्या बायांना मी सांगायला नको.

थायलंड-कंबोडियाच्या त्या सीमेवर क्लोरोक्विन हरू लागलं. एकट्या मिठाने हे केलं असं नाही, पण जाणकार त्याला मोठं कारण मानतात. आपल्याकडे १९७३ साली आसाममध्ये क्लोरोक्विन फसल्याची पहिली नोंद झाली. आफ्रिकेत १९७०च्या दशकाच्या शेवटी ते फसलं, आणि तिथे लेकरं किड्यामुंगीसारखी मेली. पुढे जंतूंची कुळी तपासली, तेव्हा आफ्रिकेतल्या चिवट जंतूचं मूळ आग्नेय आशियातच सापडलं.

याच काळात व्हिएतनामचं युद्ध चाललं होतं आणि सैनिक हिवतापाने पडत होते. चीनने १९६७ साली नवं औषध शोधायचं गुप्त काम काढलं. १९६९ साली त्यात तू योयो या बाईंना एका गटाची प्रमुख केलं. त्यांनी थोरली मुलगी पाळणाघरात ठेवली, धाकटी आईवडिलांकडे पाठवली. जुन्या औषधांच्या दोन हजारांवर कृती धुंडाळल्या. एक वनस्पती कधी गुण द्यायची, कधी नाही. आपण देवाला वाहतो त्या दवण्याच्या कुळातली. सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याच्या पोथीत त्यांना दिसलं की तो ती उकळत नाही, पाण्यात भिजवून पिळतो. म्हणजे उष्णतेनेच गुण जातो! त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७१च्या ऑक्टोबरात तो उंदरांवर पुरेपूर लागू पडला, आणि माणसांना देण्याआधी त्यांनी स्वतः घेऊन पाहिला. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ साली बाईंना नोबेल मिळालं. (आपला दवणा खाऊन हिवताप जात नाही बरं, ती जात वेगळी.)

पण हे औषध रक्तात काही तासच टिकतं. ताप उतरला की माणूस गोळ्या सोडतो आणि उरलेले जंतू पुन्हा वाढतात. त्यात बाजारात बनावट, कमी औषधाच्या गोळ्याही आल्या. २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. थायलंडच्या एका गावात रुग्णांच्या रक्तातून जंतू जायला साधारण ४८ तास लागत होते, दुसऱ्या एका गावात ८४. ते दुसरं गाव म्हणजे पुन्हा पायलिन.

म्हणून आता आर्टेमिसिनिन एकटं देत नाहीत. ते झपाट्याने जंतू मारतं, उरलेल्यांचा समाचार सोबतचं, रक्तात जास्त दिवस टिकणारं औषध घेतं. एकट्या गोळीवर आपल्या सरकारने २००९ सालीच बंदी घातली. ईशान्येच्या राज्यांत सोबतचं औषधही चालेना, म्हणून तिथे २०१३पासून जोडीच बदलली. आपल्या गडचिरोलीत जुनी जोडी राहिली.

दुसरा हिवताप व्हायव्हॅक्सचा. त्याला आपल्याकडे अजून क्लोरोक्विन लागू पडतं, तीन दिवस. पण त्याचे जंतू काळजात, म्हणजे यकृतात लपून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ते देत नाहीत, म्हणून दिवस गेले असतील तर आशाताईंना गोळी घेण्याआधी सांगा. बाकीच्यांचा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, आणि पुढचे दहा दिवस गोळी बहुतेक घरातल्या बाईलाच आठवणीने द्यावी लागते.