बी-१२ : फक्त जिवाणूंनाच जमलेली कला

रिपोर्टमध्ये ‘बी-१२ कमी’ असे दिसले की बरेच शाकाहारी रुग्ण विचारतात, “डॉक्टर, ही गोळी मांसापासून करतात का?” उत्तर ‘नाही’ असे आहे, पण त्यामागचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

शंभर वर्षांपूर्वी ‘पर्निशियस ॲनिमिया’ हा रक्तक्षय जीवघेणा होता. १९२६ मध्ये बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी अशा ४५ रुग्णांना रोज लिव्हर खायला दिले आणि ते सुधारले. लिव्हरमधला गुणकारी पदार्थ हाती यायला मात्र १९४८ उजाडले. अमेरिकेत मर्क आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सो कंपनीच्या संशोधकांनी त्याचे लालभडक स्फटिक वेगळे केले. हेच बी-१२. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने त्याची रचना उलगडली. मधोमध कोबाल्टचा अणू आणि भोवती गुंतागुंतीचे कडे! वुडवर्ड आणि एशेनमोझर यांना सुमारे शंभर सहकारी घेऊनही ते प्रयोगशाळेत घडवायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

जिवाणू मात्र हे सहज करतात. ‘एएलए’ नावाच्या छोट्या रेणूपासून ते सुरुवात करतात. असे आठ रेणू जोडून एक कडे तयार होते. इथपर्यंतची वाट आपल्या हिमोग्लोबिनमधल्या ‘हीम’ची आणि झाडांच्या हरितद्रव्याचीही आहे. पुढे फाटा फुटतो, कड्यात कोबाल्ट बसतो. या साऱ्या कामाला सुमारे तीस एन्झाइम लागतात. ही पूर्ण यंत्रणा ना प्राण्यांकडे आहे, ना वनस्पतींकडे.

मग आपल्या आतड्यातले जिवाणू ते का पुरवत नाहीत? ते बी-१२ तयार करतात, पण मोठ्या आतड्यात. त्याचे शोषण होते त्याआधीच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यामुळे ते शौचावाटे निघून जाते. गाईच्या पोटातले जिवाणू आतड्याच्या आधीच काम करतात, म्हणून दुधात बी-१२ उतरते.

आज औषधातले बी-१२ टाक्यांमध्ये जिवाणू वाढवूनच बनवतात. तेव्हा शाकाहारींनी निःशंक घ्यावे. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे नाही ना, एवढे विचारा. दूध-दहीही न घेणाऱ्यांना गोळी लागतेच. मधुमेहासाठी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. आणि स्वतःच्या मनाने नुसते फॉलिक ॲसिड घेऊ नका. रक्त सुधारलेले दिसते, पण नसांचे नुकसान आत चालूच राहते.