जुने हेल्मेट : कधी टाकायचे, कसे टाकायचे आणि कोणाला द्यायचे नाही

घरात नवे हेल्मेट आले की जुने कुठे जाते? बहुतेक घरांत ते कचऱ्यात जात नाही, दुसऱ्या डोक्यावर जाते. मोठ्या भावाचे धाकट्याला, चालवणाऱ्याचे मागे बसणाऱ्याला, शहरात कामाला असलेल्या माणसाचे गावाकडच्या नातेवाइकाला. देणाऱ्याला वाटते, काहीच नसण्यापेक्षा हे बरे.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या आदिवासीबहुल, डोंगराळ तालुक्यांत या प्रश्नाला जास्त वजन आहे. इथे पाड्यावरून बाजारात, दवाखान्यात किंवा कॉलेजला जायचे तर अनेकांना मोटरसायकलचाच आधार. जव्हारहून विक्रमगड-मनोरकडे उतरा नाहीतर मोखाड्यावरून तोरंगण घाटाने त्र्यंबकेश्वरकडे जा, वळणे आणि उतार सुटत नाहीत, आणि पावसाळ्यात त्यात धुके मिसळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण देशभरात अपघातात मेले. त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. जुने हेल्मेट ज्याच्या वाट्याला येते, तो बहुधा हाच मागचा माणूस.

हेल्मेट ‘जुने’ होते म्हणजे काय होते?

हेल्मेटचे खरे काम बाहेरचे चकचकीत कवच करत नाही. ते काम आतला थर्माकोलसारखा जाड थर करतो. डोके आदळले की हा थर दाबला जातो, चिरडतो आणि धक्क्याचा जोर स्वतःत घेतो. मेंदूला बसणारा हिसका त्यामुळे कमी होतो. मात्र हा थर एकदा चिरडला की पुन्हा फुगत नाही. त्याच जागी दुसरा मार बसला तर तिथे दबायला काही उरलेले नसते.

या भागात बोहाड्याचे मुखवटे पाहिलेल्यांना फरक चटकन कळेल. कागदाच्या लगद्याचा मुखवटा तडकला तर चिकटवता येतो, दरवर्षी नवा रंग देऊन पुन्हा नाचवता येतो. हेल्मेटला ही सवलत नाही. तडा फेव्हिक्विकने बुजवून वर स्टिकर लावले, तर ते हेल्मेट फक्त दिसायला हेल्मेट राहते.

म्हणून पहिला नियम वयाचा नाही, माराचा आहे. डोके आत असताना हेल्मेट एकदा जोरात आदळले असेल, तर ते कालच घेतलेले असले तरी बाद. बाहेर ओरखडाच दिसत असेल, पण आतला थर दबलेला असू शकतो. उलट रिकामे हेल्मेट सीटवरून एकदा खाली पडले म्हणून लगेच टाकून द्यायची गरज नसते.

मार न बसताही हेल्मेट खराब होते. घाम, केसांचे तेल, ऊन आणि ओल यांनी आतली गादी बसते, हेल्मेट सैल होते, पट्टा विरतो. पावसाळ्यात भिजलेले हेल्मेट चुलीवरच्या माळ्यावर वाळत ठेवणे तर फारच वाईट, कारण थर्माकोलचा थर उष्णतेने आकसतो. पेट्रोलने तो चक्क विरघळतो, त्यामुळे पेट्रोल लागलेल्या फडक्याने हेल्मेट पुसू नये. थिनर आणि ऑइलपेंट यांचेही तेच. काही डास पळवणाऱ्या मलमांमधल्या ‘डीट’ या रसायनाने प्लास्टिकची काच खराब होते.

मग वर्षे किती?

भारतात हेल्मेटला औषधासारखी कायद्याने ठरलेली ‘एक्स्पायरी’ नाही. अमेरिकेतली स्नेल ही हेल्मेट तपासणारी संस्था पाच वर्षांनी बदलण्याचा सल्ला देते, आणि बऱ्याच कंपन्या तीन ते पाच वर्षे सांगतात. रोज उन्हापावसात फिरणाऱ्याने तीनच्या जवळचा आकडा धरावा. तयार झाल्याचा महिना आणि वर्ष बहुधा आतल्या लेबलवर असते. ते लेबलच वाचता येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. शंका असल्यास पट्टा लावून डोके जोरात डावीकडे-उजवीकडे हलवावे. हेल्मेट मागे राहून डोके एकटेच फिरत असेल, तर अपघातात ते डोक्यावर राहणार नाही.

दुसरी एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवता किंवा विकता येत नाही. त्यासाठीचे मानक आयएस ४१५१. त्याआधीची रस्त्याकडेला मिळणारी स्वस्त हेल्मेटे अजून घराघरांत लटकलेली आहेत. ती वयाने नव्हे, जन्मानेच बाद आहेत. चिन्हाजवळचा ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला की चिन्ह खरे की छापील, हे कळते. गावात नेटवर्क नसेल तर क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा आणि जव्हारला आल्यावर तपासावा.

पिवळे हेल्मेट हे मोटरसायकलचे नव्हे

दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबे कामासाठी भिवंडी, वसई, ठाणे, मुंबई, नाशिककडे जातात. बांधकामावरचे पिवळे हेल्मेट त्यांच्याबरोबर गावी येते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदणीकृत कामगारांना मिळणाऱ्या सुरक्षा संचातही असे हेल्मेट असते. मग तेच घालून मोटरसायकलवरून बाजार गाठला जातो. पोलिसांना लांबून काहीतरी डोक्यावर दिसते, एवढाच त्याचा उपयोग.

हे हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठी बनवलेले आहे. त्यात आत पट्ट्यांची जाळी असते, धक्का शोषणारा जाड थर नसतो, आणि रस्त्यावर घसरताना ते सहज निसटते. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ दुचाकीसाठी मानकाप्रमाणे असलेले आणि डोक्यावर पट्ट्याने घट्ट बांधलेले हेल्मेट मागते. पिवळे हेल्मेट त्यात बसत नाही.

कामावरसुद्धा ते कायमचे टिकत नाही. उन्हाने प्लास्टिकचा रंग उडतो, पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो, आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यावर करकर आवाज येतो किंवा बारीक चिरा दिसतात. असे हेल्मेट घालून मजल्याखाली उभे राहू नये. ठेकेदाराकडे दुसरे मागावे. हेल्मेट पुरवणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, त्याची मेहरबानी नाही.

टाकायचे कसे?

आधी पट्टा कापायचा. बाकी काही जमले नाही तरी एवढे करावेच. भंगारात किंवा उकिरड्यावर गेलेले अख्खे हेल्मेट कोणीतरी उचलते, धुते आणि घालते. पट्टा मुळाशी कापलेला असला की तो मोह होत नाही. जाड स्केच पेनने आत-बाहेर ‘बाद’ लिहिले तर आणखी चांगले.

भंगारवाला अख्खे हेल्मेट बहुधा नाकारतो, कारण त्यात पाच प्रकारचा माल एकत्र असतो. सुटे करून दिले तर घेण्याची शक्यता वाढते. आतली गादी बटणांवर निघते, काच स्क्रूवर. थर्माकोलचा थर हाताने ओढून काढता येतो. उरलेले कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटचे असेल तर ते प्लास्टिकच्या ढिगात जाते. बांधकामाचे हेल्मेट तर एकाच जातीच्या प्लास्टिकचे असते, ते आतली जाळी काढली की सरळ विकले जाते. फायबरचे कवच मात्र कोणी घेत नाही, आणि ते करवतीने कापायच्या भानगडीत पडू नये. त्याची भुकटी अंगाला खाजवते आणि छातीत जाते.

जव्हार नगर परिषद आणि मोखाडा नगर पंचायतीच्या हद्दीत उरलेला भाग सुक्या कचऱ्यात द्यावा. पाड्यांवर घंटागाडी येत नसेल, तर पुढच्या बाजाराच्या खेपेला सोबत न्यावा. जाळू मात्र नये, थंडीच्या शेकोटीत तर नाहीच. थर्माकोल जळताना काळा दाट धूर येतो आणि एबीएसच्या धुरात सायनाइडसारखा विषारी वायू असतो. कुडाच्या घरात, चुलीशी बसलेल्या लेकरांच्या नाकात तो थेट जातो.

कवचाला भोके पाडून कुंडी करा, कोंबडीला अंडी घालायला द्या, काही हरकत नाही. मुलांना खेळायला देऊ नये, कारण आज खेळणे असलेले हेल्मेट उद्या सायकलवर आणि परवा बापाच्या मागे बसताना डोक्यावर येते. चार वर्षांखालच्या मुलालासुद्धा १५ फेब्रुवारी २०२३ पासून दुचाकीवर त्याच्या मापाचे हेल्मेट लागते. मोठ्या माणसाचे जुने हेल्मेट त्याच्या डोक्यावर डबा घातल्यासारखे फिरते.

एक उपयोग असा की त्यासाठी जुने हेल्मेट जपून ठेवावे

अपघातानंतर जमलेले लोक जखमीचे हेल्मेट ओढून काढतात. मानेचे हाड मोडलेले असेल तर या एका ओढीने माणूस कायमचा लुळा होऊ शकतो. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नये, फक्त काच वर करावी, मान हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. श्वास अडत असेल तरच काढायचे, आणि तेही दोघांनी : एकाने डोके आणि मान दोन्ही हातांनी स्थिर धरायची, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट हळूहळू, सरळ रेषेत काढायचे. हे वाचून जमत नाही, हाताला सवय लागते. घाटात रुग्णवाहिका येईपर्यंत वेळ जातो, तेव्हा आजूबाजूच्या गावातले तरुणच आधी पोहोचतात. ग्रामपंचायत, आश्रमशाळा किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रथमोपचाराचे प्रशिक्षण होणार असेल, तर दोन-तीन बाद हेल्मेटे तिथे द्यावीत. फक्त या हेल्मेटांचा पट्टा लगेच कापू नये, कारण पट्टा सोडणे हाच सरावाचा अर्धा भाग असतो. ‘बाद’ मात्र ठळक लिहावे, आणि सराव संपला की पट्टा कापून टाकावा.