दुसरा गाल

शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी, पँटच्या खिशात चुन्याची डबी. एवढंच सामान घेऊन तुम्ही कलकत्त्यात उतरता. 28 फेब्रुवारी 1928, मंगळवारची दुपार. बहुबाजार स्ट्रीटवरून ट्राम खडखडत जाते. 210 क्रमांकाच्या इमारतीत शिरा, आज कोणी हटकणार नाही. सगळे एका खोलीत ओणवे झालेत.

खोलीत अंधार आहे आणि अंधारात उन्हाची एकच सळई. बाहेरचं ऊन आरशाने आत वळवलंय, दुर्बिणीच्या भिंगाने गोळा केलंय, मग निळ्या-जांभळ्या काचेतून आणि जोडीला युरेनियम काचेतून गाळून घेतलंय. उरलेली निळाई काचेच्या फुग्यातल्या निर्मळ द्रवावर पडते. फेटेवाले गृहस्थ म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन. सात वर्षांपूर्वी ‘नारकुंडा’ बोटीवरून परतताना भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना पछाडलं. ती निळाई आभाळाकडून उसनी आणलेली नाही, पाणी स्वतःच प्रकाश विखुरतं, हे त्यांनी दाखवलं. त्या नादातूनच आजची दुपार उगवली आहे. शेजारी त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन. आजचा नवलाचा क्षण ते रोजनिशीत टिपून ठेवणार आहेत.

तुम्हीही त्या छोट्या वर्णपटदर्शकाला डोळा लावा. आधी काहीच दिसत नाही. डोळा अंधाराला सरावला की निळा पट्टा दिसतो. त्याच्या पलीकडे काळोखाची फट. आणि फटीच्या पलीकडे, अगदी पुसट, आणखी एक पट्टा. हा रंग आत सोडलाच नव्हता. मग तो आला कुठून?

जकात नाका आठवा. ट्रकांची रांग लागलीय आणि जवळजवळ सगळे ट्रक जसे आले तसेच निघून जातात. कोटीत एखाद्यालाच अडवतात, त्याच्याकडून थोडा माल उतरवून घेतात आणि मगच सोडतात. इथे नाकेदार म्हणजे द्रवाचा रेणू. तो सतत थरथरत असतो. त्या थरथरीपुरती ऊर्जा तो प्रकाशाकडून काढून घेतो आणि तेवढा प्रकाश तांबड्याच्या दिशेने सरकून बाहेर पडतो. प्रत्येक रेणूचा जकातीचा दर वेगळा. म्हणजे बाहेर आलेला ट्रक किती हलका झाला हे मोजलं, की आत कोण नाकेदार बसलाय हे न पाहताही ओळखता येतं.

या खोलीत कर्करोग हा शब्द कोणी उच्चारत नाही. तुमचा हात सवयीने पुडीकडे जातो. राहू द्या, अजून पुढे जायचंय.

तारीख तीच, साल 1941, गाव मुंबई. परळला टाटा मेमोरिअल रुग्णालयाचं दार आज उघडतंय. प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाती आहे. त्यांची पद्धत उन्हाची नाही, सुरीची आहे: गाठीचा तुकडा काढायचा, मेणात बसवायचा, त्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप घ्यायचा, तो गुलाबी-जांभळा रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघत बसायचं. पेशीचं केंद्रक फुगलंय का, रांग मोडलीय का. 1945 मध्ये त्यांनी आणि सहलेखिका सूर्याबाईंनी लोकांच्या सवयींतून येणाऱ्या कर्करोगांवर निबंध छापला. त्यात कमरेला घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने होणारा कर्करोग आहे, पेटतं टोक तोंडात धरून ओढल्या जाणाऱ्या चुट्ट्याने टाळूला होणारा आहे, आणि खैनीने खालच्या ओठाला होणाराही आहे. खैनी म्हणजे तंबाखू आणि चुना. खिसा चाचपलात ना?

मधली वर्षं भरभर जाऊ द्या. 1960 मध्ये लेझर येतो आणि उन्हाची मिनतवारी संपते. मग कोटीतला तो एक ट्रक टिपणारी संवेदक यंत्रं येतात.

डोळे उघडा. आजची सकाळ, खारघर. टाटा मेमोरिअल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र. तोंडाच्या कर्करोगावर रामन वर्णपटाचा प्रयोग इथे वर्षानुवर्षं चालू आहे. खुर्चीत तुम्हीच बसलाय. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, दाढेखाली बार भरायची जागा नेमकी तीच. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, तुमच्या तोंडात कशीबशी दोन जातात.

“काका, आ करा. दुखणार नाही.”

पेनाएवढी नळी गालाला टेकते. तिच्यातून 785 नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम जाणवणारा प्रकाश आत जातो. सुरी नाही, रंग नाही, मेण नाही. काही सेकंदांत पडद्यावर डोंगररांगेसारखी रेघ उमटते. तंबाखूला कधी न शिवलेल्या गालात, जकातीच्या आडव्या मापावर 1440 च्या आसपास, चरबीचा सुळका ठसठशीत असतो. गाठीत तो खचतो आणि प्रथिनांचे, डीएनएचे उंचवटे वर येतात. कारण पेशी बेफाम वाढत असतात आणि चरबीचा थर हरवलेला असतो.

‘प्रकाशाने कॅन्सर पकडला’ असे मथळे वाचले की मला चीड येते. प्रकाश काही पकडत नाही. या जागेचा हिशेब त्या जागेच्या हिशेबाशी जुळत नाही, एवढंच तो सांगतो. आधी मोजून ठेवलेल्या असंख्य रेघांशी तुमची रेघ ताडून पाहायचं काम संगणकाचं. आणि शेवटचा शब्द अजूनही खानोलकरांच्या त्या रंगवलेल्या पापुद्र्याचाच. नळीचं मोल वेगळं आहे: तुकडा नेमका कुठून काढायचा, आणि चट्टा डोळ्यांना साधा दिसत असतानाच आत काय शिजतंय, हे ती सुचवू शकते.

“झालं?” तुम्ही विचारता.

“अजून उजवा गाल.”

“तो चांगला आहे, ताई. त्या बाजूला मी कधी ठेवतच नाही.”

“म्हणूनच बघायचाय.”

तंबाखू खाणाऱ्याचा धडधाकट दिसणारा गाल आणि कधीच न खाणाऱ्याचा गाल, यांच्या रेघा सारख्या येत नाहीत, हे इथल्याच अभ्यासात दिसलंय. चट्टा एका बाजूला असतो, पण लाळ सगळ्या तोंडात फिरते. आरशात हे दिसत नाही.

नळी उजव्या गालाला टेकते. रेघ डावीकडून चढू लागते. तुमची नजर 1440 वर खिळते. सुळका आहे? की आपल्याला तसं वाटतंय?

“हलू नका. किती वर्षं खाताय, काका?”

तोंडात नळी आहे, बोलता येत नाही. तुम्ही दोन्ही हातांची बोटं उघडता. मिटता. पुन्हा उघडता. ती पडद्यावरून नजर न काढता मान डोलावते, आणि तुम्ही बोटं पुन्हा मिटता, कारण मोजणी संपलेली नसते.